बुधरीबाईचं पावसाळी माप

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बुधरीबाई मला घाबरत असेल. ती मला कधीच घाबरली नाही. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ती अकरा वर्षं परिचर आहे आणि या अकरा वर्षांत मी तिच्यावर किती वेळा आवाज चढवला असेल त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी ती हातातलं भांडं धुऊन पालथं घालते, पदराला हात पुसते आणि विचारते, "झालं का मॅडम? आता चहा ठेवू?"

माझ्या तापटपणाचं मूळ घरातच आहे. अब्बांचं जटपुरा गेटजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. स्क्रू सव्वा फेरा फिरवायचा म्हणजे सव्वाच, दीड नाही, हे मी मुळाक्षरं गिरवायच्या आधी शिकले. पुढे जिवाणू शिकवायला लागले तरी सवय तीच राहिली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्या अक्षरात जिवाणूंच्या जेवणाची कृती लावलेली होती: एक लिटर पाण्याला पेप्टोन नावाची प्रथिनांची पूड पाच ग्रॅम, यीस्टची पूड एक ग्रॅम, घट्ट जमण्यासाठी अगार पंधरा ग्रॅम, समुद्री मीठ इतकं. त्याखाली लाल शाईत, "यात कोणताही बदल करू नये. – नाहीद शेख." मुलं त्या पाटीला पाठीमागे फतवा म्हणायची. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

बुधरीबाई पुंगाटी मूळची भामरागडच्या पलीकडची, माडिया. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली, लग्न झालं, नवरा लच्छू इथल्या बांबूच्या डेपोत कामाला लागला आणि दोघं चंद्रपूरची झाली. आता पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, चालताना नेहमी घाईत असल्यासारखी. काम तिचं दिसायला साधं. काचेची भांडी धुवायची, भिंतीवरच्या कृतीप्रमाणे जेवण शिजवायचं, ते वाफेच्या भट्टीत निर्जंतुक करून प्लेटांमध्ये ओतायचं आणि रजिस्टरमध्ये कुठली वस्तू किती घेतली ते लिहून सही करायची. त्या भट्टीला आम्ही ऑटोक्लेव्ह म्हणतो, ती कुकर म्हणते. इतक्या वर्षांत मीही कधी कधी कुकर म्हणते.

तिचं नाक फार तिखट. एखादी प्लेट बिघडलेली असली तर झाकण उघडायच्या आत, हातभर लांबून ती सांगायची, "हे गेलं मॅडम." मी प्लेटा हुंगू नका म्हणून ओरडायचे. "हुंगत नाई मी, तेच येऊन राह्यलं नाकात," असं म्हणून ती ती प्लेट बाजूला ठेवायची. आणि ती प्लेट खरोखर गेलेलीच असायची, हा आणखी वेगळा ताप.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्याकडे समुद्राच्या तळाचे पाहुणे आले. ते आले स्वातीमुळे. स्वाती माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी, सिंदेवाहीची. घरी धानाची शेती. धानावर करपा पडला की पानांवर कसे डोळ्यांसारखे डाग उठतात आणि लोंबी कशी पोचट निघते, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. करप्याच्या बुरशीला रोखणारं काहीतरी नैसर्गिक शोधायचं, हा तिचा हट्ट. मातीतले जिवाणू तपासून अनेकांचे हात दुखले होते, म्हणून आम्ही म्हटलं, समुद्रात बघू. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेचं जहाज बंगालच्या उपसागरात जाऊन आलं होतं. साडेतीन किलोमीटर खोलीवरच्या चिखलातून काढलेले चौदा जिवाणू त्यांनी आम्हाला दिले. वरचा पाण्याचा भार नसला तरी जगू शकणारे असे हे चौदा होते. बर्फात घालून, कुरिअरने, थेट चंद्रपुरात.

बुधरीबाईने खोकं उघडताना पहिला प्रश्न विचारला, "तिथी किती थंड असते?"

"चार अंश," स्वाती म्हणाली.

"चार! आन इथी उन्हाळ्यात सेहेचाळीस. काऊन आणलं वो बिचाऱ्यांले?"

मग स्वातीने तिला समजावलं, आणि ते इतकं नीट समजावलं की मी मध्ये पडले नाही. समुद्राच्या तळाशी उजेड नाही, ऊब नाही, आणि खायला तर जवळजवळ काहीच नाही. वर जे जीव मरतात त्यांचा चुरा झिरपत झिरपत खाली येतो, त्यावर सगळ्यांची गुजराण. जागा तेवढीच, घास तेवढाच, आणि वाटेकरी अगणित. जिवाणूला ना दात ना नखं. म्हणून तो अंगातून रसायन सोडतो आणि शेजाऱ्याला आपल्या घासापासून लांब ठेवतो. हेच रसायन आपल्याला हवंय. करप्याची बुरशीही शेवटी कुणाची तरी शेजारीणच.

"आन हे पाणी कोणत्या समुद्राचं म्हणलं?" बुधरीबाईने विचारलं.

"बंगालच्या उपसागराचं."

"मंग आमच्याच पाण्यातले आहेत. आमची नदी इंद्रावतीले भेटते, इंद्रावती गोदावरीले, गोदावरी तिथीच जाते. शाळेत होतं." असं म्हणून तिने चौदाही नळ्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात नीट मांडल्या. त्या दिवसापासून ते चौदा तिचे माहेरचे झाले. मे महिन्यात वीज जाऊन थंड पेटी बंद पडली तेव्हा मी फोनवर मेकॅनिकशी भांडत बसले होते. बुधरीबाई तेवढ्यात रिक्षा करून बर्फाची लादी घेऊन आली.

परीक्षा साधी होती. करप्याची बुरशी प्लेटभर पसरवायची. जिवाणूंच्या रसात बुडवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवायची. सहा-सात दिवसांत बुरशीची करडी साय सगळीकडे पसरते. रसात दम असेल तर टिकलीभोवती साय येत नाही, स्वच्छ कडं राहतं. जानेवारी ते जून आम्ही शेकडो टिकल्या ठेवल्या. कडं नाही. जिवाणू वाढायचे छान, चांगले गुबगुबीत थर यायचे, पण रसायन म्हणून थेंब नाही. स्वाती दर सोमवारी प्लेटा उघडायची आणि दर सोमवारी तशाच बंद करायची.

आणि जुलैच्या दुसऱ्या सोमवारी तिने मला वर्गातून बोलावून आणलं. चौदांपैकी नऊ नंबरच्या जिवाणूच्या टिकलीभोवती कडं होतं. लहान, नखाएवढं, पण स्पष्ट. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. सप्टेंबरपर्यंत कडं रुपयाएवढं झालं होतं. मी, जिच्या तोंडून कौतुक निघायला मुहूर्त लागतो असं मुलं म्हणतात, त्या मी, स्वखर्चाने पेढे आणले. स्वाती रडली, बुधरीबाई हसली. फोटो काढले, मोजमापं लिहिली, आणि नऊ नंबरची सगळी माहिती आमच्या कृतीसकट त्या संस्थेला पाठवली. दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच घडलं पाहिजे, नाहीतर विज्ञानात त्याला कुणी विचारत नाही.

ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं: आमच्याकडे काही दिसत नाही. आम्ही म्हटलं, पुन्हा करा. नोव्हेंबरात दुसरं पत्र: पुन्हा काही नाही. आणि त्याच महिन्यात, दिवाळीची सुट्टी संपून काम सुरू झाल्यावर, आमच्याकडचंही कडं गेलं. एका आठवड्यात अर्धं झालं, दुसऱ्या आठवड्यात पुसलं गेलं. पाणी तेच, प्लेटा त्याच, पेटीचं तापमान तेच. मी रजिस्टर पान न् पान तपासलं. पेप्टोन पाच, यीस्ट एक. पेप्टोन पाच, यीस्ट एक. खाली बुधरीबाईची गोल सही. जानेवारीपासून एकाही आकड्यात फरक नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिसरं पत्र आलं. भाषा सभ्य होती, म्हणून जास्त लागली. सर्व प्लेटांचे मूळ फोटो पाठवावेत. जानेवारीच्या अखेरीस समिती बसेल. तोवर निष्कर्ष पुन्हा दाखवता आला नाही तर काम मागे घ्यावं लागेल. याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला. स्वातीने कडं घरबसल्या तयार केलं, असं ते म्हणत नव्हते, पण दार उघडं ठेवत होते. एकदा तो शिक्का बसला की तिला कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नव्हती.

त्या दुपारी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. स्वाती समोर बसली होती, हातात पत्र. मी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "फोटो खरे आहेत ना गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने ते कडं माझ्याच हाताने मोजून घेतलं होतं, मी स्वतः पट्टी लावली होती, आणि तरी मी हे विचारलं होतं. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. बेसिनपाशी नळ चालू होता. बुधरीबाई एकच चंचुपात्र केव्हाची धूत उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी दहाला पोचले तर बुधरीबाई माझ्या खोलीच्या दारात उभी. शेजारी स्वाती, डोळे सुजलेले. तिला बुधरीबाईनेच घरून ओढत आणलं होतं, हे नंतर कळलं.

"मॅडम, या पोरीनं काई नाई केल्लं," बुधरीबाई म्हणाली. "मी केलं."

"काय केलंत?"

"जेवण कमी टाकलं. जूनपासून दिवाळीपर्यंत."

मला आधी काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. अब्बांच्या मुलीच्या प्रयोगशाळेत, त्या लाल शाईच्या पाटीखाली, पाच महिने कुणीतरी माप बदलत होतं! मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की शेजारच्या प्राणिशास्त्राच्या विभागातून दोघं जण येऊन डोकावून गेले.

बुधरीबाईने मला संपू दिलं. या वेळी चहाचं विचारलं नाही.

"जूनमध्ये पेप्टोनच्या डब्याचं बूड दिसाले लागलं," ती म्हणाली. "शंभर ग्रॅम उरलं होतं. आमच्या गावात पावसाळ्यात नदी चढली का रस्ता बंद. दिवाळीपर्यंत घरात जे हाय तेच. मंग मिरगाच्या आधी माय सगळं धान घेऊन बसे आन हप्त्याहप्त्याचं वेगळं काढे. पेजेत पाणी तेवढंच, मीठ तेवढंच, दाणे कमी. सगळ्याईले पुरलं पाह्यजे ना? मी बी तसंच केलं. कामाले लागली तवापासून पावसाळ्यात थोडं हात राखूनच टाकतो मी. पण यंदा स्वातीचं काम लय होतं, म्हणून जास्त राखा लागलं."

"अहो, पण हे भामरागड नाही! हे चंद्रपूर आहे! इथे कुठली नदी आडवी येते? मला सांगायचं होतं, डबा संपतोय!"

"वाढणाऱ्यानं कमी हाय असं म्हणाचं नसते, मॅडम." हे मात्र तिने ठामपणे सांगितलं, जणू चूक माझी होती. "माय कधी म्हणे नाई. म्हटलं का खाणाऱ्याले जास्तच भूक लागते. ज्याच्या हाती पळी, त्यानंच समजून घ्याचं."

"आणि रजिस्टरात पाच-पाच काय म्हणून लिहिलं?"

"पातळ पेजेले बी पेजच म्हणतेत ना," ती म्हणाली. मग मान खाली घालून, हळूच, "ते खोटं लिवलं. ते चुकलं माझं."

मी धनराजला बोलावलं. धनराज आमचा भांडारपाल. तो आला आणि त्याने माझ्या जखमेवर मीठ चोळलं. पेप्टोनचा आणि यीस्टचा असे दोन मोठे डबे जुलैतच आले होते. कपाटात होते. कुणी मागितले नाहीत म्हणून दिले नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत सापडले तेव्हा त्याने बुधरीबाईच्या हवाली केले, आणि त्या दिवसापासून तिने पुन्हा पोटभर वाढायला सुरुवात केली. म्हणजे पाच महिने आमचे जिवाणू अर्धपोटी आणि त्यांचं धान्य दोन भिंतींपलीकडे, कुलपात. मी कपाळावर हात मारून घेतला. डोक्यात आणखी एक हिशेब चालू झाला होता: दहा पावसाळ्यांत माझ्या मुलांनी केलेली प्रॅक्टिकल्स! पण तो मी तिथेच मिटवला. काही गोष्टी न कळलेल्या बऱ्या.

स्वाती आता पुढे आली आणि तिने बुधरीबाईचा हात धरला.

"बाई, किती कमी? अंदाजे नको. बरोबर किती?"

"अंदाजे काऊन? मोजूनच केलं," बुधरीबाई दुखावल्यासारखी म्हणाली. "जून ते दिवाळी वीस हप्ते. वीस बाटल्या मांडल्या. शंभर ग्रॅम वीस जागी. हप्त्याले पाच ग्रॅम. तसंच यीस्टच्या डब्याचं, वीस ग्रॅमचे वीस वाटे. अगार पुरं टाकलं, नाईतर जमलंच नसतं. मीठ पुरं."

"हप्त्याला चार लिटर," स्वाती पुटपुटली. "म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅम. मॅडम, बरोबर पाव माप. दर आठवड्याला, न चुकता पाव." तिचा आवाज चढत गेला. "मॅडम, ते समुद्राच्या तळाचे आहेत. जन्मभर अर्धपोटी राहणारे. आपण त्यांना भरपेट वाढलं. पोट भरल्यावर ते कशाला रसायन बनवतील? घास कमी पडला तेव्हाच त्यांना शेजाऱ्याची आठवण झाली!"

मी बसले. उपाशी ठेवल्यावर काही जिवाणू जास्त रसायनं बनवतात, हे काही नवीन नाही. दरवर्षी मी ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. परीक्षेत विचारते. आणि माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच फतव्याखाली, मी समुद्रतळाच्या उपाशी जिवांना सहा महिने मेजवान्या दिल्या होत्या. आकडे पाळण्याच्या नादात ते आकडे कुणासाठी आहेत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. संस्थेतल्या लोकांनीही माझीच कृती वापरली होती, तंतोतंत. त्यांना कडं कसं दिसणार?

त्याच दिवशी चार मापांच्या प्लेटा केल्या: पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव. वजन मी केलं, सही मी केली. बुधरीबाईने फक्त कुकर लावला. मग वाट पाहायची. जिवाणूंना वाढू द्यायला एक आठवडा, टिकल्या ठेवल्यावर आणखी सहा दिवस.

त्या दिवसांत स्वाती यायची, काम करायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी मनात म्हणत होते, एकदा कडं येऊ दे, मग तिची समजूत काढू. एके दुपारी बुधरीबाईने माझ्यासमोर चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"मॅडम, पोरीशी बोलून घ्या."

"बोलेन. निकाल तर लागू दे."

"कडं येवो का नाई येवो. तुमी तिले खोटी म्हणलं ते कड्याच्या आधी म्हणलं."

मला राग आला. मग तो उतरला. चहा तसाच ठेवून मी प्रयोगशाळेत गेले आणि स्वातीला म्हणाले, "मी तुझ्यावर संशय घेतला. नको होता घ्यायला. तू माझ्याच हाताने मोजून घेतलं होतंस. मला माफ कर." इतकं बोलायला मला घाम फुटला. आयुष्यात विद्यार्थ्याची माफी मागायची ती पहिलीच वेळ. स्वातीने मान हलवली आणि ती म्हणाली, "मॅडम, मलाही मध्येच वाटायला लागलं होतं की कडं मीच कल्पनेनं पाहिलं." मग आम्ही दोघी जराशा रडलो. बुधरीबाई तेव्हा भांडी जरा जास्तच वाजवत होती.

सोमवारी प्लेटा उघडल्या. पूर्ण मापावर साय, पाऊण मापावर साय, अर्ध्यावर एक पुसटशी रेघ. पाव मापावर कडं होतं, रुपयापेक्षा मोठं. आम्ही तिघी त्याकडे किती वेळ पाहत होतो कुणास ठाऊक. आनंद असा झाला की मला पेढ्यांचीही शुद्ध राहिली नाही. शेवटी धनराजने आणले, अपराधी मनाने.

आता संस्थेला खरं लिहायचं होतं. खरं म्हणजे सगळंच: रजिस्टरमधले पाच महिन्यांचे आकडे चुकीचे आहेत, ते परिचराने लिहिले, प्रत्यक्ष माप पाव होतं. इथे माझी लेखणी अडली. बुधरीबाईची नोकरी कंत्राटी. दर मार्चला तिचा कागद माझ्या सहीने प्राचार्यांकडे जातो. चुकीच्या नोंदीची गोष्ट लेखी झाली तर कुणीही बोट ठेवू शकत होतं. मी तिला बोलावून हे समजावलं. म्हटलं, थोडं गोलमोल लिहिता येईल.

"गोलमोल लिवलं म्हणूनच तर एवढं झालं," ती म्हणाली. "लिवा. माझं नाव टाकून लिवा. मी केलं ते केलं."

मी लिहिलं. नावासकट, वीस बाटल्यांसकट लिहिलं. आणि त्याची एक प्रत स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून सांगितलं की या बाईला काढायचं असेल तर आधी ती पाटी लिहिणारीला काढा. ते हसले. माझ्या आवाजाची त्यांनाही सवय आहे. मार्चमध्ये कागदावर सही झाली, माझी आणि त्यांचीही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. त्यांच्याकडे नऊ नंबरने कडं दिलं होतं. समिती बसणार होती, पण आता अभिनंदनाला. बोलता बोलता तिकडचे साहेब म्हणाले, त्या बाईंनी नोंद खोटी ठेवली, पण वाटणी इतकी काटेकोर की आमच्या माणसांनी त्यांच्याकडून शिकावं. हे वाक्य मी बुधरीबाईला शब्दशः सांगितलं. ती म्हणाली, "मायनं शिकवलं." आणि लच्छूला सांगायला म्हणून त्या दिवशी अर्धा तास लवकर गेली. मी ओरडले नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नऊ नंबरवर पुढचं काम सुरू झालं. ते रसायन नेमकं काय आहे, कुंडीतल्या धानावर चालतं का, हे शोधायला वर्षं लागतील, पण स्वाती आता जमिनीवरून चार बोटं वर चालते. मी भिंतीवरचा फतवा काढला आणि नवा लावला: नऊ नंबरसाठी पेप्टोन सव्वा ग्रॅम, यीस्ट पाव ग्रॅम. बुधरीबाईला म्हटलं, आता हेच माप, बारा महिने.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी प्लेटा तयार नव्हत्या. जाऊन पाहिलं तर ती वजनकाट्यासमोर स्टुलावर बसलेली. मांडीवर पेप्टोनचा नवा डबा, काठोकाठ भरलेला. काट्यावर कागद, कागदावर सव्वा ग्रॅम पूड. एवढीशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, हे माझ्यानं नाई होत."

"अहो, पाच महिने तर केलंत!"

"तवा नव्हतं. नव्हतं म्हणून कमी देल्लं. तवा काई वाटलं नाई." तिने डब्यावर हात ठेवला. "पण आता डबा भरून हाय. भरला डबा मांडीवर घेऊन कोणाले उपाशी ठेवाचं, हे आमाले नाई शिकवलं कोणी. तुमचं सायन्स असंल बरोबर. पण हे तुमी करा."

मी तोंड उघडलं होतं, सवयीने. हे जिवाणू आहेत, त्यांना पोट नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. वाढणारा हात मात्र तिचा होता. मी तिच्या मांडीवरचा डबा उचलला आणि म्हटलं, "उठा. मी करते."

तेव्हापासून नऊ नंबरचं माप मी स्वतः काढते. विभागप्रमुख असले तरी दर सोमवारी सकाळी काट्यासमोर बसते आणि सव्वा ग्रॅम तोलते. बुधरीबाई तेवढा वेळ बाहेर कुंड्यांना पाणी घालते.

एक प्लेट मात्र तिची आहे. पाव मापावर कडं येतं हे सिद्ध करायला शेजारी एक पूर्ण मापाची प्लेट दर वेळी ठेवावीच लागते. तुलनेसाठी. त्या प्लेटवर कडं येत नाही, काही घडत नाही. जिवाणू नुसते खातात आणि पसरतात. ती प्लेट बुधरीबाई करते, कुणी सांगायच्या आत, सगळ्यात आधी. गेल्या आठवड्यात मी रजिस्टर पाहत होते. पाव मापाच्या रकान्यात माझे आकडे, माझी सही. खाली पूर्ण मापाच्या प्लेटची नोंद, तिच्या अक्षरात. कृती पाच ग्रॅमची आहे. तिने लिहिलं होतं सहा. अगदी खरं, स्पष्ट सहा, आणि पुढे गोल सही. मी लाल पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं आणि बाजूला माझी सही केली.